स्किन बावीस

भोर,
१६ जानेवारी २०००

चि. झुल्फिकार,

खालाचा सलाम आणि दुआ. ईदला तू आला नाहीस. तुझ्या वाटणीचा शीरखुर्मा दोन दिवस झाकून ठेवला, तिसऱ्या दिवशी मीच खाल्ला.

आता कामाचं. नसरापूरच्या इमरानभाईंनी निरोप पाठवलाय. मेहनाजसाठी तुझा विचार करायला त्यांची हरकत नाही. मेहनाज कोण हे तुला सांगायला नको. भोरच्या कॉलेजात तू पुढचा बाक सोडून मागे जाऊन बसायला लागलास, तेव्हा मला वाटलं तुला जवळचं दिसत नाही. तुझे खालू म्हणाले, त्याला जे बघायचंय ते बरोबर दिसतंय, तू चष्म्याच्या नादी लागू नकोस. ती आता नसरापूरच्या शाळेत शास्त्र शिकवते. इमरानभाईंची रोपांची नर्सरी चांगली चाललीय.

एकच अडचण आहे. ते मला विचारतात, मुलगा करतो काय. मी म्हटलं, विहिरी तपासतो. तर म्हणाले, "विहिरीत काय तपासायचं? वाकून बघितलं की पाणी दिसतं." मी म्हटलं पाण्याच्या नव्हेत, गॅसच्या. मग म्हणाले, "बरं झालं. आमचा सिलिंडर वीस दिवस झाले आला नाही, त्याला जरा विचारायला सांगा."

तेव्हा तू नक्की काय करतोस ते मला सरळ शब्दांत कळव. मी शाळेत गेले नाही हे खरं, पण तुझे खालू दुकानात पंप खोलायचे तेव्हा खोक्यातली माहितीपत्रकं वाचून मी अक्षरं शिकले. आता वाचनालयाच्या बाई मला आठवड्याला दोन पुस्तकं देतात आणि तिसरं मागितलं की कपाळाला आठ्या घालतात. सांगशील ते मला समजेल.

मार्चमध्ये ते गेल्याला चार वर्षं होतील. कापूरहोळचं दुकान भाड्याने दिलं, पण त्यांची हत्यारांची पिशवी मी घरी आणून ठेवली आहे. दर जुम्म्याला पुसते. काही उपयोग नाही, तरी पुसते.

तब्येतीला जप. नीट खातोस का ते लिही.

तुझी खाला,
अन्वरी


२४ जानेवारी (पोस्टकार्ड)

प्रिय खाला, सलाम.

टपालाची जीप निघालीय, घाईत लिहितो. सध्या नऊ नंबरवर आहे, हलता येत नाही. दाब फार उतरलाय. तोंडाभोवती ओल धरते आणि वाट अडते. स्किन दोन महिन्यांपूर्वी आठ होती, आता बावीस. साहेब म्हणतात यात आता काही राम नाही, सोडून द्या. मी म्हणतो, उघडं टाकल्यानंच बिघडलंय, दहा दिवस पूर्ण बंद ठेवा. रोज मोजतोय. इमरानभाईंना होय सांग. लगेच सांग.

झुल्फिकार


भोर,
२ फेब्रुवारी २०००

चि. झुल्फिकार,

असलं काही कार्डावर लिहायचं नसतं. आमचा पोस्टमन कुंडलिक दारातूनच म्हणाला, "मामी, झुल्फीच्या अंगावर काय उठलंय म्हणं?" म्हणजे मला कळायच्या आधी अर्ध्या पेठेला कळलं.

मी ते कार्ड सहा वेळा वाचलं. तू नऊ नंबरच्या खाटेवर पडून आहेस आणि तुला हलता येत नाही. रक्तदाब उतरलाय. तोंडाभोवती ओला नायटा आहे आणि श्वासाची वाट अडते. आठाचे बावीस डाग झालेत. आणि त्या डॉक्टरने, तू त्याला साहेब म्हणतोस, त्याने माझ्या पोराला सोडून द्या म्हणावं? त्याचं नाव मला कळव. तुझी आई गेली तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. तेव्हापासून तुझं अंग मी धुतलंय. तुझ्या कातडीत कधी काही नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी नसरापुरात गाडी बदलून वेल्ह्याला गेले. तिथून वरच्या धनगरवस्तीवर भामाबाईकडे. तुझे खालू त्यांचा हातपंप दुरुस्त करायला जायचे, ती ओळख. भामाबाई झाडपाल्याचं औषध देते, लांबून माणसं येतात. तिने विचारलं, "कुठं आलंय?"

मी म्हटलं, तोंडाभोवती.

"वलं का कोरडं?"

"ओलं."

"किती हायती?"

"बावीस."

तिने हातातलं काम खाली ठेवलं. "मोजतंय व्हय पोरगं? मग त्ये डोक्यानं ठीक हाय." मग तिने नवऱ्याला, बिरूला, टाकळ्याचं बी आणायला पाठवलं. ते वाटून करंजाच्या तेलात कालवून बाटली भरून दिली. पैसे घेतले नाहीत. म्हणाली, "जलालभाईंचा भाचा म्हंजी आमचाबी. सकाळ-सांज लावायचं आन् उघडं ठिवायचं. बंद ठिवायचं कुनी सांगितलं त्याला? वलं न्हेमी उघडंच बरं हुतं."

तेव्हा ते दहा दिवस बंद ठेवायचं वेड तू सोड. बाटली पार्सलने पाठवली आहे.

आणखी एक. परत येताना जीपमध्ये इमरानभाईंची बहीण गुलफशाआपा शेजारी बसली होती. तेलाचा वास येत होता. तिने विचारलं कुणासाठी. मी खोटं बोलत नाही हे तुला ठाऊक आहे. मी एवढंच म्हटलं की झुल्फिकारच्या अंगावर जरा उठलंय. तिने किती विचारलं. मी आकडा सांगितला.

उत्तर ताबडतोब पाठव. बंद पाकिटातून.

खाला


११ फेब्रुवारी २०००

प्रिय खाला,

मला काहीही झालेलं नाही. एक डाग नाही, एक पुळी नाही. मी हलता येत नाही म्हटलं ते कामामुळे. नऊ नंबर ही खाट नव्हे, विहीर आहे. साहेब डॉक्टर नव्हेत, माझे वरिष्ठ आहेत. दाब विहिरीचा उतरला, ओल विहिरीत धरते, आणि स्किनसुद्धा विहिरीचीच.

तू गुलफशाआपाला आकडा का सांगितलास?

बरं. नीट लिहितो, तुझ्या त्या पंपाच्या माहितीपत्रकासारखं.

इथे खाडीच्या काठाला जमिनीखाली तीन किलोमीटरवर दगड आहे. दगडाला डोळ्यांना न दिसणारी भोकं आहेत, त्यांत गॅस आहे, प्रचंड दाबाखाली. आपण वरून भोक पाडलं की गॅस तिकडे धावतो. पण आमचा हा गॅस साधा नाही. दाब एका हद्दीच्या खाली गेला की त्याच्यातून पातळ तेल सुटतं, रॉकेलसारखं, जसं हवेतून दव पडावं. आता दाब सगळ्यात कमी कुठे असतो? विहिरीच्या तोंडाशी, म्हणजे खाली जिथून गॅस आत शिरतो तिथे. त्यामुळे तेल नेमकं तिथेच सुटतं, दगडाच्या भोकांत बसून राहतं, आणि मागून येणाऱ्या गॅसची वाट अडवतं. मागे गॅस भरपूर असतो. वर मात्र फुसफुस येते.

तोंडाशी किती अडलंय ते दाखवायला आम्ही एक आकडा काढतो. त्याला इंग्रजीत स्किन म्हणतात. का म्हणतात ते मला माहीत नाही, ज्याने नाव ठेवलं त्याच्यावर माझा आज फार राग आहे. आठ म्हणजे बरं नाही, बावीस म्हणजे वाईट.

साहेबांचं म्हणणं आहे, खालचा गॅसच संपला, नऊ नंबर सोडून द्या. माझं म्हणणं आहे, गॅस आहे, वाट अडलीय. उत्पादन कमी झालं की ते वरची झडप आणखी उघडतात. त्याने तोंडाशी दाब आणखी पडतो आणि आणखी तेल सुटतं. खरं काय ते कळायला एकच उपाय. विहीर वरून बंद करायची, तारेने खाली मापक सोडायचं, आणि दाब किती वेळात किती चढतो ते बघत बसायचं. गॅस संपला असेल तर दाब कुठेतरी खालीच थांबेल. वाट अडली असेल तर हळूहळू का होईना, पूर्वीच्या आकड्यापर्यंत जाईल. हेच माझं काम. मी बंद केलेल्या विहिरी बघत बसतो.

फोन फक्त साहेबांच्या केबिनमध्ये आहे, आणि तिथून मला 'मला कातडीचा रोग नाही' असं ओरडून सांगता येणार नाही. तू इमरानभाईंकडे जा आणि हे समजावून सांग. आजच जा.

पार्सल पोचलं. बाटली फुटली होती. नोंदवहीची चार पानं करंजाच्या तेलाने पारदर्शक झाली आहेत आणि साहेब दोन दिवस विचारताहेत की गळती कुठे आहे.

झुल्फिकार


भोर,
१९ फेब्रुवारी २०००

चि. झुल्फिकार,

तुला काही नाही हे वाचून मी दोन रकात शुक्रान्याची नमाज पढले. मग स्वतःला बोल लावला. आणि मग तुला. वाक्यात कुणाला काय झालंय ते लिहायला किती शाई लागते?

नसरापूरला जाऊन आले. बातमी बरी नाही. मी पोचायच्या आधीच इमरानभाईंनी ठरवलं होतं. म्हणाले, "भाभी, मनात काही ठेवू नका. पण आम्हाला हे जमायचं नाही."

मी सगळं सांगितलं. तुझं कार्ड दाखवलं, मग मोठं पत्र वाचून दाखवलं, दोनदा. गुलफशाआपा पडद्यामागून ऐकत होती. मेहनाज शाळेत होती. इमरानभाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "विहिरीला कातडी असते?"

"इंग्रजीत असते."

"आणि तोंड असतं, आणि ओल धरते, आणि दाब उतरतो."

"हो."

"मग ह्याला डॉक्टर का म्हणत नाहीत?"

गुलफशाआपा आतून म्हणाली, "भाईजान, पोराने चुकून खरं लिहिलं आणि आता निस्तरतोय."

मी रडायच्या बेतात आले होते. रडले नाही. कारण तेवढ्यात बाहेरून पंपाचा आवाज आला. बोरिंगवरचा पंप धापा टाकत होता, पाणी आणि हवा आलटून पालटून. तो आवाज मी वीस वर्षं ऐकलाय. विचारलं, कधीपासून असं? तर म्हणाले, दिवाळीपासून पाणी कमी झालं. मग मोठा पंप बसवला. त्याने महिनाभर बरं चाललं, आता तोही ओढत नाही. बोरिंग आटलं, रोपं जळायला लागली, पुढच्या महिन्यात नवीन बोअर मारायला गाडी बोलावली आहे.

झुल्फिकार, तुझं पत्र मला पहिल्याच वाचनात समजलं होतं, कारण मला ते आधीपासून ठाऊक होतं. तुझे खालू हेच करायचे. लोक म्हणायचे पाणी आटलं. ते म्हणायचे, पाणी आटलं का तोंड बुजलं ते आधी बघू. पंप बंद करायचे, दोरीला नट बांधून खाली सोडायचे, आणि पाणी कसं चढतं ते मोजायचे. घड्याळ धरून वही लिहायला मी असायचे. तोंड बुजण्याला ते कातडी नव्हे, कीट म्हणायचे. चुना, गाळ, गंज, जाळीच्या भोकांत बसलेलं.

मी इमरानभाईंना म्हटलं, मला तुमच्या बोअरची तपासणी करू द्या. पाणी खरंच आटलेलं निघालं तर मुलाला रोग आहे असं समजा. पाणी असून तोंड बुजलेलं निघालं, तर मुलगा जे लिहितो ते खरं.

ते हसले. म्हणाले, "तुम्ही करणार?"

मी म्हटलं, "पिशवी माझ्याकडेच आहे."

रोजच्या पाण्यासाठी त्यांनी टाकी भरून घेतली की मला बोलावणार आहेत. तू तिकडे दहा दिवस माग, कमी घेऊ नकोस.

खाला


२६ फेब्रुवारी २०००

प्रिय खाला,

साहेबांनी तीन दिवस दिले. नऊ नंबर बंद केली, मापक खाली सोडलं. तीन दिवसांत दाब अर्ध्यावर आला. चढतच होता, पण साहेबांनी आलेख बघितला, म्हणाले, अर्ध्यावर थांबला, संपली विहीर. मी म्हटलं थांबला नाही, आपण थांबलो. त्यांनी झडप उघडली.

इमरानभाईंना मी स्वतः लिहिलंय. सात पानं, दोन आलेख, आकड्यांचा तक्ता. सगळा खुलासा त्यात आहे. मला वाटतं त्यांच्या शंकेचं निरसन होईल.

तू पैज मारलीस ते मला कळल्यापासून झोप नाही. बोअर खरंच आटलं असेल तर? मार्च तोंडावर आलाय. माझं लग्न तू नसरापूरच्या भूजलपातळीला बांधून ठेवलंस.

मेहनाज काही बोलली का?

झुल्फिकार


भोर,
६ मार्च २०००

चि. झुल्फिकार,

सात पानं बघून इमरानभाई म्हणाले, "ज्याला काही झालं नाही तो एका ओळीत सांगतो." त्यांनी ती मेहनाजकडे टाकली. ती काय म्हणाली मला माहीत नाही, ती माझ्यासमोर फक्त चहा घेऊन आली आणि माझ्याकडे बघून तिने हसू दाबलं.

आता तपासणीचं. शुक्रवारी सकाळी दहाला गेले. पिशवी एसटीच्या कंडक्टरने उचलली आणि विचारलं, "मावशी, काय लोखंड घेऊन चाललाय?" मी म्हटलं, सोयरिक.

तुझ्या खालूंच्या वहीत ते बोअर आहे. त्यांनीच १९८७ ला पंप बसवला होता. त्यांच्या हातचं लिहिलेलं, 'इमरान, नसरापूर, पाणी बेचाळीस फुटांवर.' ते अक्षर बघून मला जरा वेळ लागला. मग दोरी सोडली.

आधी पंप तासभर चालवला. पाणी तळाला गेलं, पंप हवा ओढायला लागला. बंद केला. दर पाच मिनिटांनी दोरी. इमरानभाई खुर्ची टाकून बसले. शेजारचा गेनबा आला, त्याचा पुतण्या रोहिदास आला, मग रस्त्याने जाणारे दोघे. पाणी चढत होतं, पण कसं, म्हाताऱ्याने जिना चढावा तसं. एक वाजता एकशे दहा फुटांवर आलं. इमरानभाई उठले. "झालं. आटलंय."

मी म्हटलं, "बसा. अजून चढतंय."

"किती वेळ बसू?"

"थांबेपर्यंत."

गेनबा म्हणाला, "भाबी, म्हस व्यायाची वाट बघत्यात त्यापरीस ह्ये लई आवघड." रोहिदास म्हणाला, "तात्या, म्हस शेवटाला काय तरी देती तरी." इमरानभाईंनी त्या दोघांना हाकललं नाही, कारण त्यांनाही सोबत हवी होती.

चार वाजता नव्वद फूट. इमरानभाई पुन्हा उठले. मी पुन्हा बसवलं. पाचला मी त्यांना सांगितलं की सकाळपर्यंत कुणीही पंपाला हात लावायचा नाही. गुलफशाआपा म्हणाली, म्हणजे भाभी इथेच राहणार? मी म्हटलं, हो. पंपाचा फ्यूज काढून मी पिशवीत टाकला आणि पिशवीवर डोकं ठेवून झोपले. तुझ्या साहेबासारखं कुणी मधेच उघडू नये म्हणून.

सकाळी सहाला दोरी सोडली. त्रेचाळीस फूट.

इमरानभाईंनी स्वतः पुन्हा सोडली. त्रेचाळीस. तिसऱ्यांदा गेनबाला सोडायला सांगितली, जणू काय तो माझ्यापेक्षा जास्त प्रामाणिक आहे. त्रेचाळीस.

तेरा वर्षांत पाणी फूटभर उतरलंय. बाकी सगळं तिथेच आहे. रविवारी कॉम्प्रेसरवाला आला, त्याने हवेने जाळी झाडली. आधी काळं आलं, मग गेरूसारखं लाल, मग पांढरं, आणि मग अर्धा तास नुसतं स्वच्छ पाणी. नर्सरीच्या पाटात मावेना. इमरानभाई त्यात चपला घालून उभे होते.

झडप कमी उघडायची हेही मी त्यांना सांगितलं. मोठा पंप काढून जुना बसवलाय.

मला वाटलं आता विषय मिटला. पण ते म्हणाले, "भाभी, पाणी आलं हे मान्य. तुम्ही खोटं बोलत नाही हेही मान्य. पण पोरगी द्यायची म्हणजे पोराला एकदा समोर बघू. बकरी ईदला आणून बसवा. सदऱ्याच्या बाह्या वर करून."

तेव्हा ईदला ये. सतरा तारखेला. आणि तुझ्या साहेबाला माझं नाव सांगून विचार, दुपारी चारला मी उठले असते तर काय झालं असतं.

खाला


१० मार्च २०००

प्रिय खाला,

तुझं पत्र मी साहेबांना वाचून दाखवलं. सगळं, म्हशीसकट. मराठी त्यांना येत नाही, मी वाक्यावाक्याला इंग्रजी करून सांगत होतो. एक वाजता एकशे दहा, चार वाजता नव्वद, हे आकडे मी फळ्यावर मांडले आणि शेजारी आपल्या तीन दिवसांचे आकडे मांडले. वळण तेच होतं. त्यांनी दोन्ही वळणांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "ही बाई कुठे शिकली?"

त्यांनी बारा दिवस दिले. दहा मागितले होते, बारा दिले. आज सकाळी नऊ नंबर बंद केली. म्हणजे बावीसपर्यंत.

आता अडचण तुझ्या लक्षात आली असेल. ईद सतराला आहे. मापकाच्या नोंदी ठेवणारा मी एकटा आहे. मी निघालो तर पाच-सहा दिवस जातील, मधली नोंद तुटेल, आणि तुटलेल्या नोंदीवर नऊ नंबर सोडून द्यायला कुणालाही सोपं जाईल. मी निघालो नाही तर इमरानभाई म्हणतील, दाखवण्यासारखं अंग असतं तर आला असता.

खाला, मला मेहनाज हवी आहे. विहिरी जगात पुष्कळ आहेत. तू ये म्हणालीस तर त्याच रात्रीच्या गाडीने निघतो. तार कर.

झुल्फिकार


नसरापूर,
१३ मार्च २०००

श्री. झुल्फिकार यांस,

सलाम. अन्वरी खाला तुमचं पत्र घेऊन आल्या होत्या. तार काय करावी हे त्यांनी मला विचारलं. म्हणून तार न करता मी हे स्पीडपोस्टने पाठवतेय.

अब्बांनी तुमची सात पानं माझ्यापुढे टाकली, 'हा कातडीचा रिपोर्ट आहे का बघ' म्हणून. मी ती तीनदा वाचली. पान पाचवर तक्त्यात तुम्ही ३१२ लिहिलंय, शेजारच्या आलेखावर तो ठिपका २१३ वर आहे. मूळ नोंदवहीतही तसंच असेल तर दुरुस्त करा, नाहीतर तुमचे साहेब नेमकं तेच पान धरतील.

सात पानांत माझ्याबद्दल एक ओळ आहे. 'मुलीस शास्त्राची आवड असल्यास तिलाही दाखवावे.' एवढं मोघम स्थळ आमच्या घरात आजवर आलं नव्हतं.

तुमचं पहिलं कार्डही मी वाचलं. अख्ख्या कार्डात 'विहीर' हा शब्द कुठेच नाही. माझ्या वर्गात सातवीतल्या मुलाला मी एवढ्यासाठी उभं केलं असतं.

ईदला येऊ नका. अर्धवट नोंद टाकून माझ्यासाठी आलेला माणूस दोन वर्षांनी मला तेच ऐकवेल, किंवा ऐकवणार नाही आणि मनात ठेवेल. दोन्ही मला नको. अब्बांचं मी बघते.

बावीस तारखेचा आकडा मला कळवा. पूर्ण वाक्यात.

मेहनाज


भोर,
१९ मार्च २०००

चि. झुल्फिकार,

ईद मुबारक. मी एकटीच नसरापूरला गेले. बैठकीत इमरानभाई, त्यांचे दोन चुलते, आणि गुलफशाआपा दारात. इमरानभाईंनी माझ्या मागे बघितलं. "मुलगा कुठाय?"

मी म्हटलं, कामावर.

गुलफशाआपा म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं?"

मोठे चुलते म्हणाले, "म्हणजे अंगावर आहेच काहीतरी."

मला बोलायचं होतं, पण त्याआधी मेहनाज आतून आली. हातात ट्रे नव्हता, तुझी सात पानं होती. म्हणाली, "अब्बा, ते आज आले असते तर मीच नाही म्हटलं असतं."

चुलत्यांनी बशी खाली ठेवली.

"तुम्ही त्या दिवशी चार वाजता उठला होतात," ती म्हणाली. "खालांनी बसवलं म्हणून पाणी मिळालं. ते तिकडे बसलेत. तुम्हाला अंग बघायचंय, मला हे बघायचं होतं. मी बघितलं."

इमरानभाई म्हणाले, "मग तुझं म्हणणं काय?"

"होय म्हणणं आहे."

ती आत गेली. गुलफशाआपा तिच्या मागे गेली, बहुतेक ओरडायला, पण आतून हसण्याचाच आवाज आला. इमरानभाई मला म्हणाले, "बोअर तुम्ही झाडून दिलंत, भाभी. आता आमचंही झाडताय." मी म्हटलं तुमचं फार बुजलेलं नव्हतं.

निकाह दोन एप्रिलला, रविवारी. मोहरमच्या आधी तोच एक रविवार मोकळा आहे. बावीसला तुझ्या नोंदी संपतात. आकडा वर चढलेला असो नसो, तू त्यानंतर निघ. खरं जे काय असेल ते लिहून ये.

एक सांगायचं राहिलं. बोलणी सुरू करायची वेळ आली तेव्हा धाकटे चुलते म्हणाले, मुलाकडून बोलणार कोण? पुरुषमाणूस कुणी आलंय का? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं मी कुणाचं तरी नाव घेईन. मी म्हटलं, मी बोलते. इमरानभाईंनी आपल्या शेजारचा लोड माझ्याकडे सरकवला. मी तिथे बसून सगळं बोलले. मेहेर, तारीख, किती माणसं. कुठे अडले नाही. येताना जीपमध्ये लोक मला मुबारक म्हणत होते.

तुझे खालू असते तर ते त्या लोडाला टेकून बसले असते, आणि मी आत बायकांत असते, आणि तिथून कान देऊन ऐकत असते की हे काहीतरी चुकीचं कबूल करताहेत. मला आत बसायला आवडलं असतं.

चार दिवस आधी ये. आल्यावर तुझ्याशी खूप बोलायचंय.

तुझी खाला,
अन्वरी